नऊच्या आत

यंत्रानं तिसऱ्यांदा अंगठा नाकारला तेव्हा मनोहरला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. समग्र आयडीची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी ओळख क्रमांकाची, केवायसी करायला तो पांढुर्ण्यातल्या एका ऑनलाइन सेंटरवर सकाळपासून बसला होता. निवृत्त माणसाला रांगेचं काही वाटत नाही. कोणीतरी आपल्याला बोलावणार आहे एवढ्यानंही त्याचा दिवस बरा जातो. सेंटर चालवणारी अश्विनी पोरगी गुणाची होती, ओल्या फडक्यानं तिनं त्याचा अंगठा दोनदा पुसूनही दिला. काचेखाली लाल दिवा लागायचा, मनोहर त्या दिव्याकडे बघत राहायचा, आणि अंगठा टेकेपर्यंत दिवा विझलेला असायचा. "काकाजी, लाइट लागला का लगेच दाबत जा नं," ती म्हणाली. "तुम्ही पाहूनच राहता अन् मंग दाबता. तवरीक टाइम निघून जाते." तिच्या बोलण्यात टोचणारं काही नव्हतं. दिवसाला पन्नास म्हाताऱ्यांना ती हेच सांगत असेल. पण तेहतीस वर्षांत हे वाक्य त्याला कोणीच बोललं नव्हतं. बोलायचा हक्क असलेली माणसं होती, ती गप्प राहिली, आणि कॉलेजातून नुकती निघालेली एक मुलगी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सहज बोलून गेली. त्यानं अंगठा उचलून डोळ्यांपुढे धरला. रेषा खरंच घासल्या होत्या. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात संत्र्याच्या पेट्यांवर डिंकानं चिठ्ठ्या चिकटवण्यात सगळी नोकरी गेली, तिथंच त्या गेल्या असतील. "उद्या या, डोळ्यावाली मशीन आणून ठेवतो," अश्विनी म्हणाली. "तुमच्या बोटाचा काही भरोसा नाही." तो बरं म्हणाला आणि बाहेर पडला.

बाहेर भोंगा लावलेली रिक्षा उभी होती. एक झटका बसला की दुसरा रांगेत असतोच. लोधीखेड्याला दिवस-रात्र शंकरपट, हॅलोजनचा उजेड, इलेक्ट्रॉनिक घडी, चहापाण्याची सोय, आणि आज सायंकाळी जुन्या धुरकऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मग नावं. चौथं नाव त्याच्या शाळेतल्या दोस्ताचं, जयवंताचं होतं. मनोहर औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यानं ती नावं दोनदा ऐकली. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दोन बैल, हलकी छकडी, तिच्यावर एकटा धुरकरी, आणि समोर दगड वेचून, पाणी मारून तयार केलेली मातीची सरळ पट्टी. इकडे जोड्या एकमेकींशी पळत नाहीत, घड्याळाशी पळतात. एकेक जोडी सुटते, एकेक आकडा लिहिला जातो, आणि शेवटी ज्याचा आकडा लहान तो मोठा. मनोहरला हा नियम लहानपणी फार गमतीचा वाटायचा. शाळेत गुरुजी उलटं शिकवायचे.

घरी येऊन त्यानं कपाटाचा खालचा खण ओढला. घड्याळ होतं तिथंच होतं, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं, चावीचं, वर गोल बटण असलेलं स्टॉपवॉच, त्याला बुटाची काळी नाडी बांधलेली. त्यानं चावी दिली. इतक्या वर्षांनी ते चालायला नको होतं, पण चाललं. चंद्रकला दारात येऊन उभी राहिली. "का जी, रातच्याले पट पाहाले चालले? डोळ्यात मोतीबिंदू, अन् बैल पाहाचे हाय." "तिथं लाइट हाय म्हणते," तो म्हणाला. "लाइट बैलाइसाठी हाय. तुमच्यासाठी कोण लावून ठेवला?" असं म्हणत तिनंच मफलर काढून दिला, पिशवीत दोन संत्री टाकली, आणि घड्याळाकडे बघून काही विचारलं नाही. लग्नानंतर तो एकाही पटाला गेला नव्हता. लहानपणी पटासाठी शाळा बुडवणारा, बैलांची वंशावळ तोंडपाठ असणारा हा माणूस पटाच्या दिवसांत घरात का बसून राहतो, हे कोडं तिनं पहिली दोन-चार वर्षं सोडवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. नवऱ्याच्या खोडी मोजायला बसलं तर संसार कधी करायचा. त्यानंही तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं ते एकाच माणसाला सांगायला हवं होतं, आणि त्या माणसाला लग्नांत, मयतींत, सौसरच्या बाजारात भेटून, पाठीवर थाप मारून, संत्र्याचा भाव विचारून तो दर वेळी तसाच परत आला होता.

सौसरपर्यंत बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा मागं पळत होत्या, कुठं कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग पेटवलेला होता आणि त्याचा धूर थंडीनं खाली बसून रस्त्याला टेकला होता. त्या धुराचा वास आला की मनोहर हमखास तिशीचा व्हायचा. तीस वर्षांचा, रेल्वेत लागून सहा वर्षं झालेला, पहिल्या बोनसमधून नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेलं स्टॉपवॉच बाळगणारा. घड्याळ त्यानं कशासाठी घेतलं याला उत्तर नव्हतं. लोक त्या पैशात पंखा घेत होते. त्याला फक्त पट मोजायचा होता, स्वतःपुरता, काठावर उभं राहून. तो गर्दीत उभा राहून मोजायचा आणि त्याचा आकडा शेवटच्या रेषेजवळ उंच माचीवर बसलेल्या घडीवाल्याच्या आकड्याशी जुळायचा. ही गोष्ट गावात पसरली. मग एका वर्षी माचीवरचा म्हातारा वारला, आणि वामनराव म्हणून एक मोठे बागाईतदार होते, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की घड्याळ या पोराच्या हाती द्या. रेल्वेतला माणूस आहे, टाइमाचा पक्का आहे, आणि त्याच्या घरी बैल नाही, म्हणजे तो कोणाचा नाही. बैल नाही हे खरं होतं. बौद्ध वस्तीतल्या बहुतेकांकडे नव्हते. दोघं-तिघं कुरकुरले. एक जण उघड म्हणाला की हा जयवंताचा जिगरी दोस्त, जयवंताची जोडी पळेल तेव्हा काय करेल? दुसरं जे कारण होतं ते कोणी उघड म्हटलं नाही, पण ते सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि मनोहरला वाचता येत होतं.

बाबांना त्यानं आदल्या रात्री सांगितलं. बाबांनी चाळीस वर्षं त्या पट्टीवरचे दगड वेचले होते. पटाच्या दिवशी पहाटे वस्तीतली चार माणसं जायची, दगड वेचायची, पाणी मारायची, धुमसानं माती दाबायची, आणि उन्हं वर आली की पट्टी मोकळी करून पार शेवटच्या बाभळीखाली जाऊन उभी राहायची. माचीजवळ जागा गावातल्यांची. आपण दाबलेल्या मातीवर बैल कसे पळाले हे बाबांनी कायम लांबून, धुळीच्या मागून पाहिलं होतं. त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून आले आणि थेट माचीखाली उभे राहिले. कोणी हटकलं नाही. मनोहर वर होता, गळ्यात नाडी, हातात घड्याळ, आणि खाली बाबा मान वर करून उभे. पहिल्या दहा जोड्या झाल्या तरी बाबांनी एकदाही पट्टीकडे पाहिलं नाही. ते मुलाच्या अंगठ्याकडे बघत होते.

बस सौसरला थांबली. त्यानं दुसरी धरली. तिच्यात उभं राहावं लागलं. डोळे मिटले की जोडी पळू लागायची. ही त्याची जुनी सवय, आणि खरं सांगायचं तर जुनं व्यसन. बाण्या आणि जीटी. बाण्या पांढरा, उजवीकडचा, शहाणा. जीटी डावीकडचा, तांबडा, वेडा. जीटी हे नाव मनोहरनंच ठेवलं होतं, कारण गोऱ्हा असताना जीटी एक्स्प्रेसची शिट्टी ऐकली की तो रुळाच्या बाजूनं शेपूट वर करून धावायचा. जयवंता त्या दोघांना भावांसारखा जपायचा. शाळेत असताना मनोहर आणि तो एका डब्यात खायचे, तेव्हाही निम्मी पोळी जयवंताच्या खिशात जायची ती घरच्या वासरांसाठी. पण जयवंताचा बाप रोकडा माणूस होता. शेतात न चालणारे बैल त्याला डोळ्यांसमोर नको होते. औंदा पहिला नंबर आला तर राहतील, नाही आला तर सौसरच्या बाजारात, असं त्यानं पोळ्यालाच सांगून ठेवलं होतं. हे मनोहरला माहीत होतं. माचीवर चढताना माहीत होतं, आणि घड्याळाला चावी देताना माहीत होतं.

वामनरावांची जोडी नऊ आणि चारमध्ये, म्हणजे नऊ सेकंद आणि चार दशांशांत आली. त्यानंतर जयवंता. तिकडच्या टोकाला झेंडी पडली आणि मनोहरनं बटण दाबलं, अगदी वेळेवर दाबलं, त्याबद्दल त्याच्या मनात कधीच शंका नव्हती. मग त्यानं मान उचलली. पुढचं त्याला पुरतं सांगता येणार नाही. त्यानं शेकडो जोड्या पाहिल्या होत्या, पण अशी नव्हती पाहिली. छकडीची चाकं मातीला लागत होती की नाही कळत नव्हतं. दोन्ही बैलांच्या माना एका रेषेत, आणि जयवंता ओरडत नव्हता, तुतारीची काठी टोचत नव्हता, नुसता वाकून काहीतरी पुटपुटत होता. वेडा जीटी शहाण्या बाण्याच्या पावलाला पाऊल देत होता. मनोहरच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं की श्वासाला जागा उरली नाही. त्याला आठवतो तो जमिनीचा थरथराट, तोंडात आलेली माती, लोकांचा आवाज. आणि मग कोणीतरी कोपरानं ढोसलं, तेव्हा त्यानं घड्याळाकडे पाहिलं. काटा चालूच होता. त्यानं दाबलं. नऊ आणि सहा.

घड्याळ चुकलं असं म्हणता आलं असतं. तसा नियमच होता. घडीवाला म्हणाला चुकलं, की जोडीला विसावा देऊन पुन्हा पळवायची. एवढंच वाक्य. पण ते कोणाच्या जोडीला म्हणायचं होतं? दोस्ताच्या. कोण म्हणणार होतं? ज्याच्या हाती घड्याळ द्यायला लोक कुरकुरले होते तो. पहिल्याच वर्षी. मनोहरनं खाली पाहिलं. बाबा मान वर करून उभे होते, आणि त्यांच्या मागं वस्तीतली आठ-दहा माणसं आली होती, बाभळीखालून सरकत सरकत, पहिल्यांदाच एवढी जवळ. "नऊ आणि सहा," मनोहर मोठ्यानं म्हणाला. आवाज स्वच्छ निघाला. गर्दी थोडी हळहळली, आणि वामनरावांच्या माणसांनी गुलाल उधळला. नंतर कोणीतरी बाबांना म्हणालं, पोरगा खरा हो, दोस्तालेही सोडलं नाही. बाबा हे वाक्य मरेपर्यंत सांगत होते. जोडी पुढच्या शुक्रवारी विकली गेली. वर्षभरात मनोहरची आमल्याला बदली झाली आणि घड्याळ बनियनमध्ये गेलं. पण जोडी पळतच राहिली. फलाटावर गाडीची वाट बघताना, न्हाणीत, दाढी करताना तो तिला मनात सोडायचा, अगदी झेंडीपासून रेषेपर्यंत, आणि मनातल्याच घड्याळावर मोजायचा. दर वेळी ती नऊच्या आत यायची. एकदाही चुकली नाही.

लोधीखेड्याच्या बाहेरचं शेत हॅलोजननं पांढरं पडलं होतं. मनोहरला आधी धूळच दिसली, उजेडात तरंगणारी, आणि तिच्यातून जाणारे काळे आकार. जनरेटर घरघरत होता. माची नव्हती. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोरा ताणलेला, बैलांच्या छातीनं तो तुटला की घडी आपोआप चालू, आपोआप बंद, आणि मोठ्या फळ्यावर लाल आकडे. त्याला कोणाचा अंगठा लागत नव्हता. मनोहरला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. दगड कोणी वेचले असतील असा विचार त्याच्या मनात आला, तेवढ्यात ट्रॅक्टरला लावलेला रोलर कडेला उभा दिसला. सत्कार होऊन गेला होता. जयवंता पट्टीच्या शेवटी, गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीला टेकून, गळ्यात झेंडूचा हार आणि खांद्यावर नवी शाल घेऊन एकटाच उभा होता. वाळला होता. "मन्या," तो म्हणाला, आश्चर्य न दाखवता, जणू मनोहर मधल्या काळात नुसता चहा आणायला गेला होता. "लय लेट केला बे. नारळ फोडून खाल्ला असता." दोघांनी चहा घेतला. एक जोडी सुटली, फळ्यावर नऊ पॉइंट एक आलं. जयवंतानं नाक मुरडलं. "आता बैलाइले अंडे चारून राहिले, दूध पाजून राहिले. तरी नऊच्या आत येऊन नाही राहिले."

मनोहरनं कप खाली ठेवला. बसमध्ये जुळवलेली वाक्यं एकही हाताशी आली नाही. "जयवंता, त्या साली माहं घड्याळ चुकलं होतं," तो म्हणाला. "झेंडीले बरोबर दाबलं. रेषेवर नाही दाबलं. उशिरा दाबलं. तुही जोडी पहिली होती." बोलून झाल्यावर त्यानं दोरी धरली. जयवंता हारातलं एक झेंडूचं फूल काढून ते कुस्करत राहिला. दुसरी जोडी सुटून, पळून, थांबून झाली. "मले मालूम हाय," तो म्हणाला.

"कसं मालूम?"

"मी छकडीवर होतो नं बे. रेषा पार झाली तं वर पाहिलं, आपल्या दोस्तानं टाइम काय घेतला म्हणून. तुहे दोन्ही हात वर होते. घड्याळ गळ्यात लोंबून राहिलं होतं अन् तू टाळ्या पिटून राहिला होता. पागलावानी." मनोहरला हे आठवत नव्हतं. तेहतीस वर्षं तो ती धाव पाहत आला होता, पण त्या धावेत त्यानं स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. "मंग बोलला काहून नाही?" त्यानं विचारलं. "तुह्या एका शब्दानं जोडी पुन्हा पळली असती."

"बोलणारच होतो. उतरलो, माचीकडे आलो, तं खाली तुहा बाप. मले म्हणते, बाबू, लय साजरे पळले तुहे बैल, आज पयल्यांदा जवळून पाहिले." जयवंतानं फुलाचा चुरा झटकला. "आता त्याच्यासमोर काय बोलू? तुह्या पोरानं गलती केली म्हणून? नाही बोललो. पण तुह्यावर राग होता, खोटं कशाले सांगू. बाण्या-जीटी बाजारात गेले त्या दिवशी मी जेवलो नाही. एक साल तुह्याशी बोललो नाही. तुले वाटलं तुही बदली झाली म्हणून का?" मनोहरला तसंच वाटलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं मफलरनं पुसलं, धूळ आहे असं काही न म्हणता. जयवंतानं तिकडे पाहिलं नाही. शाल सावरून तो म्हणाला, "मंग राग गेला. नंबर तं कोणालेही भेटते. इतक्या लोकाइत टाइम भुलून गेलेला तू एकटाच होता. अन् तुह्याच हातात घड्याळ." तो खोकल्यासारखं हसला. "किती लागले असतीन खरं?"

"नऊच्या आत," मनोहर म्हणाला. "आठ अन् नऊ. कधी आठ अन् आठ. मी हजार वेळा मोजलं."

"फेकू नको."

"फेकून नाही राहिलो. शप्पथ." त्यानं खिशातून घड्याळ काढलं. जयवंतानं ते ओळखलं, नाडीसुद्धा ओळखली. "हे मी तुले द्याले आणलं," मनोहर म्हणाला. "मंग दे, पण चालते का ते तं दाखव," जयवंता म्हणाला. "आता जे जोडी येऊन राहिली, छिंदवाड्याची, ते मोज. फळ्यावरचा आकडा अन् तुहा आकडा जुळला तं घेतो." मनोहरनं नाडी गळ्यात घातली आणि घड्याळ मुठीत धरलं. तिकडच्या टोकाला दोरा तुटला, फळा लाल झाला, त्याच क्षणी त्यानं बटण दाबलं. दोन पांढरे बैल उजेडातून येत होते. धुरकरी वाकलेला, तोंडानं काही पुटपुटणारा. जमीन थरथरली, तोंडात माती आली, मोतीबिंदूच्या पडद्यातून मनोहरला दोन्ही माना एका रेषेत दिसल्या, आणि शेजारी जयवंता शाल टाकून ओरडायला लागला.

फळ्यावर आठ पॉइंट नऊ आलं. लोक दोरीखालून पट्टीवर धावले. "तुहं किती?" जयवंतानं विचारलं. मनोहरनं हात खाली घेतले. तळवे झोंबत होते. घड्याळ छातीवर लोंबत होतं आणि काटा फिरतच होता. जयवंतानं ते पाहिलं. मग त्यानं नाडी मनोहरच्या डोक्यावरून अलगद काढली, घड्याळ कानाला लावून ऐकलं, आणि बंद न करता तसंच खिशात टाकलं.